आधी फुंकर, मग श्वास: आघातातून सावरताना श्वासाचे व्यायाम कुठून सुरू करायचे

"मोठा श्वास घे, बरं वाटेल." आप्पा गेल्यानंतर हे मला किती जणांनी सांगितलं याचा हिशोब नाही. सगळे मायेनेच सांगत होते, पण मला मोठा श्वासच नको वाटायचा. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, बेड मिळेपर्यंत दोन दिवस आप्पा घरीच होते, आणि डॉक्टर फोनवर विचारायचे मिनिटाला श्वास किती चाललेत, ऑक्सिमीटर किती दाखवतोय, मग मी मोबाईलचा टायमर लावून त्यांच्या छातीकडे बघत मोजायचे, २६, २८, ३०. पुढे तीन-चार महिन्यांनी मैत्रीण मला योगाच्या क्लासला घेऊन गेली. तिथं सांगितलं की डोळे मिटा, फक्त श्वासाकडे बघा, आत येतोय, बाहेर जातोय, आणि मी दोन मिनिटांत घामाघूम, हात थरथरतायत, चपला हातात घेऊनच बाहेर पडले. घरी येऊन खूप रडले. ज्याने सगळ्यांना शांत वाटतं ते मलाच का सोसत नाही, माझ्यातच काहीतरी बिघडलंय असं वाटलं.

बिघडलेलं काही नव्हतं, हे कळायला वर्ष गेलं. माझ्या थेरपिस्टनी एकदा सांगितलं की आघात झालेल्या बऱ्याच जणांना डोळे मिटून आत बघायला लावलं की उलटा त्रास होतो, कारण भीती शरीरातच साठलेली असते आणि आपण नेमकं तिथंच बोट ठेवतो. कुणाचा अपघातात श्वास कोंडलेला असतो, कुणाचं तोंड दाबलं गेलेलं असतं, कुणी पुरात पाणी प्यायलेलं असतं. अशा माणसाला पहिल्याच दिवशी "श्वासाकडे लक्ष द्या" सांगणं घाईचं आहे. म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, पण ज्या क्रमाने मला जमलं आणि नंतर माझ्या मावशीला जमलं, तो क्रम मला त्या वेळी कुणी सांगायला हवा होता.

आधी दोन मिनिटं शरीराचं बघू

हाताच्या मनगटावर, अंगठ्याच्या खाली, तीन बोटं ठेवून नाडी शोधा आणि सावकाश श्वास घ्या-सोडा. नीट लक्ष दिलं तर श्वास आत घेताना ठोके किंचित घाईत पडतात आणि सोडताना सावकाश होतात. तरुण माणसात हे जास्त सहज कळतं. यामागे व्हेगस नावाची एक लांब नस आहे, ती मेंदूतून निघून हृदय, फुफ्फुसं, पोट इथपर्यंत जाते आणि हृदयाला "जरा दमानं" असा निरोप देते. श्वास सोडताना हा निरोप जोरात पोचतो, घेताना तो दबतो. म्हणजे आपल्या हातात जी काही शांत व्हायची चावी आहे ती मुख्यतः बाहेर जाणाऱ्या श्वासात आहे.

आता बघा, घाबरलेला माणूस आधीच भराभर श्वास घेत असतो. त्याला तुम्ही सांगितलंत की अजून मोठा घे, तर तो अजून जास्त हवा आत-बाहेर करणार. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साईड गरजेपेक्षा कमी होतो, मग डोकं हलकं होतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, छाती आवळल्यासारखी वाटते, आणि माणसाला वाटतं आपल्याला आता काहीतरी होणार. खरं तर ऑक्सिजन कमी पडलेला नसतो. हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली, कारण मला त्या मुंग्या म्हणजे आप्पांसारखं काहीतरी सुरू झालंय असंच वाटायचं.

कुणी थांबावं: हृदयाचा त्रास, दमा, फिट्स, गरोदरपण, नुकतंच ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय श्वास रोखायचा किंवा जोरात घ्यायचा कुठलाच प्रकार करू नका. खाली मी श्वास रोखायला कुठेच सांगितलेलं नाही, तरी विचारा. आणि छातीत दुखणं किंवा धाप पहिल्यांदाच होत असेल तर ते मनाचं आहे असं स्वतःच ठरवून बसू नका, आधी तपासून घ्या.

पायरी १: पहिला आठवडा श्वासाला हातच लावायचा नाही

हे वाचून बऱ्याच जणांना वाटतं मग उपयोग काय, पण ही पायरी सोडली म्हणून माझं पहिलं वर्ष वाया गेलं.

घरातली अशी जागा निवडा जिथून दार दिसतं आणि पाठीला भिंत आहे. पाठीमागे मोकळं असलं की आघात झालेल्या माणसाचे कान मागेच लागलेले असतात. खुर्ची असेल तर खुर्ची, नाहीतर जमिनीवर. डोळे उघडे. पायाचे तळवे फरशीला टेकवा आणि जरा दाबा, फरशी गार आहे का, पायाखाली कण लागतायत का. पाठ भिंतीला कुठे कुठे टेकलीय ते बघा. मग खोलीतल्या पाच वस्तू मनात किंवा तोंडाने म्हणा, कॅलेंडर, पंखा, चार्जर, तांब्या, दाराची कडी. एवढंच. दोन मिनिटं झाली की उठायचं, जास्त वेळ बसवतंय म्हणून बसायचं नाही.

याच्यासोबत एक नियम आजच करून टाका, की वाटेल तेव्हा थांबायचं, कारण द्यायचं नाही आणि स्वतःला नावं ठेवायची नाहीत. आघातात आपल्या हातात काहीच राहिलेलं नसतं, तेव्हा "मी थांबवू शकते" हे शरीराला कळणं हाच उपचाराचा मोठा भाग आहे असं मला मनापासून वाटतं.

पायरी २: फुंकर

आपण भाजलेल्या बोटावर फुंकर घालतो, लेकराच्या गुडघ्यावर घालतो, गरम चहावर घालतो. इथूनच सुरुवात करायची, आणि खरोखरच चहावर.

कप हातात धरा, ऊब लागू दे. आत किती श्वास गेला त्याची अजिबात चौकशी करायची नाही, तो आपला आपण येतो. फक्त ओठांचा चंबू करून चहावर हलकी, लांब फुंकर घाला, इतकी हलकी की वाफ वाकली पाहिजे पण चहा सांडता कामा नये. फुंकर संपली की ओठ मिटा, श्वास नाकाने आत येईल तसा येऊ दे. मग दुसरी, मग तिसरी. तीन झाल्या की चहा प्या.

यात लक्ष वाफेवर असतं, छातीवर नसतं, त्यामुळे ज्यांना श्वासाकडे बघायचीच भीती आहे त्यांनाही हे जमतं. मी दिवसातून दोनदा चहासोबत एवढंच करत होते, साधारण तीन आठवडे, आणि मग एक दिवस भाजीवाल्याशी बोलताना अँब्युलन्स गेली तेव्हा माझे ओठ आपोआप चंबू झाले होते.

चहा घेत नसाल तर हाताच्या पंजावर फुंकर घाला, नाहीतर भांड्यातल्या पाण्यावर लाट उठवा. लहान मुलं असतील तर साबणाचे फुगे द्या, मोठा फुगा हवा असेल तर हळूच फुंकावं लागतं, त्यांना समजावत बसावं लागत नाही.

पायरी ३: दुहेरी श्वास आणि सुस्कारा

रडून रडून झोपलेलं बाळ बघितलंय का, झोपेत मध्येच दोनदा आत ओढतं, हुं-हुं, आणि मग मोठा सुस्कारा सोडतं. शरीराला ही युक्ती जन्मापासून येते. फुफ्फुसातल्या बारीक पिशव्या मिटायला आलेल्या असतात, त्या दुसऱ्या छोट्या श्वासाने उघडतात आणि मग लांब सुस्काऱ्यात हवा बाहेर जाते.

करायचं असं: नाकाने साधा श्वास घ्या, तो संपता संपता वरून अजून एक छोटासा घोट हवेचा घ्या, आणि तोंडाने सावकाश सोडून द्या, सोडणं घेण्याच्या दुप्पट तरी लांब. पहिल्या आठवड्यात एका वेळी तीनच. जमलं तर हळूहळू पाच मिनिटांपर्यंत न्या. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी रोज पाच मिनिटं असं महिनाभर करायला लावून बघितलं, आणि नुसतं ध्यान करणाऱ्यांपेक्षा या सुस्काऱ्यावाल्यांची मनःस्थिती जास्त सुधारली होती. अर्थात ती साधी निरोगी माणसं होती, आघातग्रस्त म्हणून निवडलेली नव्हती, त्यामुळे आपण तीनपासूनच सुरू करायचं.

डोकं हलकं वाटलं तर दोन मिनिटं नेहमीसारखा श्वास चालू दे. बहुतेक वेळा आत घेताना जोर लावलेला असतो म्हणून तसं होतं.

पायरी ४: लय, पण मोजायचंच असं नाही

सगळीकडे सांगतात चार आकडे मोजत आत आणि सहा आकडे मोजत बाहेर. चांगलंय. एका श्वासाला दहा सेकंद म्हणजे मिनिटाला सहा श्वास झाले, एरवी आपले मिनिटाला १२ ते २० असतात. या सहाच्या आसपास हृदयाची आणि श्वासाची लय बऱ्यापैकी जुळते.

पण मला आकडे मोजता येईनात. २६, २८, ३० हेच डोक्यात. थेरपिस्टना सांगितलं तर त्या म्हणाल्या आकडे टाका, तुमच्याकडे शब्द नाहीत का? आणि मला मावशीचा हरिपाठ आठवला. मावशी सांगलीत गावभागात राहते, दिवेलागणीला हरिपाठ म्हणते, आणि एक ओळ एका श्वासात म्हणायची तर श्वास लांबच सोडावा लागतो, मध्ये पटकन घ्यायचा, परत पुढची ओळ. २००१ मध्ये इटलीतल्या काही संशोधकांनी २३ निरोगी माणसांना जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ओम मणि पद्मे हुम् म्हणायला लावून मोजमाप केलं, तर दोन्हीत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला होता. आपल्याकडे जात्यावर बसून ओव्या म्हणणाऱ्या बायकांनी मनातलं किती काय त्या लांब सुरात मोकळं केलंय, मला ते आता वेगळंच ऐकू येतं.

तर तुम्हाला जे जवळचं असेल ते घ्या. देवाधर्माचं नको असेल तर लहानपणची कविता घ्या, बाळाला म्हणायची अंगाई घ्या, कामाला जायच्या रस्त्यावरच्या स्टॉपची नावं घ्या. श्वास सोडताना म्हणायचं, घेताना गप्प राहायचं. रोज पाच मिनिटं, ठरलेल्या वेळी, शक्यतो दिवसा. सुरुवातीला रात्री झोपताना करू नका, अंधारात काही आठवणी वर आल्या तर एकट्याने सांभाळणं अवघड जातं.

पायरी ५: भ्रामरी

चौथी पायरी महिनाभर बरी गेली असेल तरच इथं या. तोंड मिटून, दात एकमेकांना न लावता, श्वास सोडताना भुंग्यासारखा मऊ गुणगुणाट करायचा. ओठ, गाल, छातीचं हाड थरथरतं, ती थरथर जाणवते तिथं हात ठेवा. पाच वेळा पुरे. क्लासमध्ये कान-डोळे बोटांनी बंद करायला शिकवतात, ते आपण सध्या करायचं नाही, ज्याला धोक्याची चाहूल घ्यायची सवय लागलीय त्याचे कान-डोळे बंद केले तर तो अजून घाबरतो. नंतर कधी वाटलं तर करा.

अनुलोम-विलोमही चालेल, श्वास न रोखता. बोट नाकपुडीवर दाबल्यावर कोंडल्यासारखं वाटत असेल तर सोडून द्या, त्याच्यावाचून काही अडत नाही.

कपालभाती आणि भस्त्रिका मात्र आत्ता नको. हे प्रकार वाईट नाहीत, पण त्यात श्वास जोरात आणि भराभर चालतो, ठोके वाढतात, अंग तापतं, आणि पॅनिकमध्येही नेमकं हेच होत असल्याने शरीराला फरक कळत नाही. आपल्या जुन्या हठयोगाच्या ग्रंथातही सांगितलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळतात तसाच प्राणही हळूहळू वश करायचा, घाई केली तर साधकालाच मारतो. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केलं आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या, म्हणजे मोजूनमापून, तपासून करायची आपली रीत शंभर वर्षांची आहे.

म्हणूनच "दोन दिवसांत ट्रॉमा रिलीज" वाल्या शिबिरांबद्दल कळकळीने सांगते. तासभर मोठ्या म्युझिकवर जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, लोक किंचाळतात, रडतात, हातपाय वाकडे होतात, आणि त्याला मोकळं होणं म्हणतात. माझ्या ओळखीची एक मुलगी अशा एका शिबिरातून आली आणि पुढचे तीन आठवडे झोपली नाही, आयोजकांनी नंतर फोनही उचलला नाही. जायचंच असेल तर आधी विचारा: शिकवणाऱ्याचं मानसिक आरोग्यातलं शिक्षण काय, मध्येच उठून गेलं तर चालेल का, नंतर त्रास झाला तर कोण बघणार. उत्तर देताना टाळाटाळ झाली की परत फिरा.

पायरी ६: ट्रिगर (जुनी भीती जागी करणारी गोष्ट) आला तेव्हा

मावशीची गोष्ट सांगते. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाण्याची धोका पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. मावशी आणि काका वरच्या मजल्यावर अडकले होते, लाईट नाही, खाली घरातलं सामान भिंतीवर आपटल्याचा आवाज. त्यानंतर पत्र्यावर पाऊस वाजला की तिचा जीव घाबरा व्हायचा, रात्रभर उठून खिडकीतून रस्ता बघायची. २०२१ च्या जुलैत परत पूर आला आणि जे थोडं सावरलं होतं तेही गेलं.

तिच्यासोबत मी हे उन्हाळ्यात सुरू केलं, पाऊस नसताना. हे महत्त्वाचं आहे, पोहायला पुरात शिकत नाहीत. चहावरची फुंकर, मग हरिपाठाची लय, असं एप्रिल-मे गेले. मग आम्ही मोबाईलवर पावसाचा आवाज अगदी बारीक लावून अर्धा मिनिट ऐकायचो, पाय फरशीला, पाच वस्तू, तीन फुंकरी, आवाज बंद. हे थेरपिस्टना विचारून केलं, तुम्हीही आपला ट्रिगर असा मुद्दाम जवळ आणणार असाल तर एकट्याने आणू नका.

खरा प्रसंग आल्यावर क्रम असा ठेवा. आधी पाय. मग बघा, तुम्ही धडधडताय की सुन्न झालाय? हा फरक मला कुणी सांगितला नव्हता. धडधड, घाम, पळून जावंसं वाटतंय, तर फुंकर आणि सुस्कारा चालतो. पण अंग जड, आवाज लांबून आल्यासारखे, आपण आपल्यातच नाही असं वाटतंय, तर श्वास अजून संथ करत बसू नका, त्याने माणूस अजून आत बुडतो. तेव्हा उभं राहा, पाय आपटा, तोंडावर गार पाणी मारा, कुणाला तरी हाक मारा, मोठ्याने बोला. जाग आली की मग फुंकर.

रात्री दचकून उठलात तर लाईट लावा, पाय खाली सोडा आणि तोंडाने म्हणा: आज अमुक वार, अमुक तारीख, मी माझ्या घरात आहे, ते झालं होतं, आत्ता होत नाहीये. मग फुंकर. मी पलंगाशेजारी तांब्या-भांडं ठेवते, गार भांडं हातात धरलं की लवकर भानावर येते.

मध्येच रडू आलं तर येऊ दे, थरथर आली तर तीही येऊ दे, ती बहुतेक वेळा ओसरते. पण सलग काही दिवस व्यायामानंतर झोप उडत असेल, आठवणी वाढत असतील, तर दोन पायऱ्या मागे जा.

यावर किती विसंबायचं

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतल्या नागपट्टिणमच्या छावण्यांमधल्या १८३ लोकांना घेऊन एक अभ्यास झाला होता, तो २०१० मध्ये छापून आला. ज्यांना श्वासाचे प्रकार लगेच शिकवले त्यांची आघाताची लक्षणं, अजून शिकायची वाट बघणाऱ्यांपेक्षा बरीच कमी झाली. मला त्याने धीर आला, कारण ती आपल्यासारखीच साधी माणसं होती. पण अशा अभ्यासांवरून नुसत्या श्वासावर सगळं बरं होतं असं म्हणता येत नाही. मी गोळ्याही घेतल्या आहेत आणि थेरपीही. श्वासाने मला थेरपीच्या खुर्चीत बसून राहता आलं, आप्पांबद्दल बोलता आलं.

घटनेला महिना उलटून गेल्यावरही तीच दृश्यं परत परत येत असतील, झोप नसेल, माणसं टाळत असाल, दारूचा आधार लागत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. जिल्हा रुग्णालयात हा विभाग असतो. ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणींवर काम करायची पद्धत) किंवा आघातासाठीची सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) करणारे थेरपिस्ट मिळाले तर चांगलंच. जगणं नको वाटत असेल तर महिनाबिहिना मोजू नका, लगेच १४४१६ ला फोन लावा, ही सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, २०२२ मध्ये सुरू झाली, फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

प्रगती कशी बघायची? मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर केलं त्या दिवशी एक टिंब द्यायचे, आणि ट्रिगर आला तर किती वेळाने सावरले तेवढं लिहायचे. पहिल्या महिन्यात "दुपार गेली" असं लिहिलेलं आहे. सहाव्या महिन्यात "२० मि." आहे. धडधड थांबली नाही, सावरायला लागणारा वेळ कमी झाला. मध्ये पंधरा दिवस एकही टिंब नाही, आप्पांचं श्राद्ध होतं, तेव्हा काहीच जमलं नाही, नंतर परत चहाच्या कपापासून सुरू केलं.

गेल्या पावसाळ्यात मावशीचा रात्री अकराला फोन आला. पत्र्यावर पाऊस इतका की तिचं बोलणं नीट ऐकू येईना. म्हणाली, "अगं, जागीच आहे. खिडकीत एकदाच जाऊन आले. आता चहा टाकलाय." मीही इकडे उठून गॅस लावला.